मामाच्या नावाचा पेला

प्रिय नॉर्व्हेल मामा,

तुला जाऊन अकरा वर्षं झाली. हे पत्र कुठल्या पेटीत टाकू, तूच सांग.

लुईव्हिलच्या त्या गोऱ्यांच्या क्लबात चाळीस वर्षं तू बनवलेल्या पुदिना-व्हिस्कीच्या पेयाला त्यांनी क्लबच्या अध्यक्षाचं नाव दिलं होतं. काल, आपल्या काळ्या लोकांची गुलामी संपल्याच्या सणाला, मी माझा बार उघडला आणि पेयांच्या पाटीवर सगळ्यात वर तेच पेय तुझ्या नावानं लिहिलं.

एक म्हातारा गोरा आला. घोट घेतला नि ओरडला, "अरे, हे तर आमच्या क्लबचं!"

"नाही हो, माझ्या मामाचं. क्लबात तो फक्त नोकरीला होता."

त्यानं पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "त्याचं आडनाव काय होतं?"

मी सांगितलं. दोनदा सांगितलं.

संध्याकाळी सगळे जमल्यावर पूर्वजांच्या नावानं जमिनीवर धार सोडायला मी बर्बन व्हिस्कीची बाटली उचलली, तशी आई खेकसली, "अगं, चर्चचा डीकन, देवाचा सेवेकरी होता तो! नुसत्या वासावर बनवायचा, जन्मात थेंब चाखला नाही. आता मेल्यावर पाजतेस?"

म्हणून तुझ्या वाटणीला लिंबाचं सरबत ओतलंय. साखर कमी वाटली तर स्वप्नात येऊन रागव.

तुझीच भाची,
डेल्फीन