ठिपके विरलेली मादी

१४ नोव्हेंबर २००६
मारणार नाही! पुंडलिकरावांना तोंडावर सांगितलं. हरणांचं उद्यान त्यांचं असेल, पण जनावरांची डॉक्टर मी आहे. म्हणे, "ही मादी भेसळीची आहे. ठिपके विरलेले, पाय आखूड. सुई देऊन टाका, ममताबाई." चितळं आणि ती ठेंगणी हरणं — पाढे — एकाच कुंपणात कोणी ठेवले? त्यांनीच! जवळच्या जाती, मिसळणारच. दोष मात्र तिचा?

१५ नोव्हेंबर
पुंडलिकराव म्हणे, "कळप रानात सोडायचाय. रक्त शुद्ध पाहिजे." मिश्र जनावर रानात सोडू नये, हे मलेही मान्य. पण मारायचं कायले? राहू द्या ना कुंपणात! तर हसले — "तुम्हाले रक्ताचं काय कळते?" मी बाभुळगावच्या बौद्धपुऱ्यातली, हे त्यांना पक्कं ठाऊक. मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं — मंग तपासूच. तिचंच काहून, सगळ्यांचं!

२० नोव्हेंबर
चारा घालणारा धनसिंग आणि मी दिवसभर लेंड्या गोळा करत होतो. प्रत्येक जनावराची वेगळी पुडी. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या भाव ऐकून परत चालल्या होत्या. धनसिंग म्हणे, "बाई, नोकरी जाईन तुमची." जाऊ दे! पुड्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत रवाना — लेंडीवरूनही वंश कळतो.

९ डिसेंबर
निकाल नाही. पुंडलिकराव कुंपणाची किल्ली मागतात. देत नाही.

१८ जानेवारी २००७
हैदराबादहून फोन. सगळाच कळप मिश्र! तो डौलदार नर, ज्याच्याजवळ उभं राहून पुंडलिकराव पाहुण्यांसोबत फोटो काढतात — तोसुद्धा! दिसायला अस्सल चितळ, पण मागच्या पिढ्यांत पाढा आहेच. पुंडलिकराव हळूच — "कोणाले सांगू नका. तिले तेवढं काढा, बाकीचे सोडू."
उद्या वनखात्याचे साहेब पाहणीला येणार आहेत. सांगणार!

१९ जानेवारी
सांगितलं. सगळ्यांसमोर. सोडणं रद्द. एकही जनावर मारायचं नाही, असं साहेब लेखी देऊन गेले. आणि मी घरी — पुंडलिकराव म्हणे, "उद्यापासून येऊ नका." धनसिंग रडला. मी नाही.

२ फेब्रुवारी
पुंडलिकराव आमच्या दारात! पायात चप्पल नाही. तो डौलदार नर उठत नाही म्हणे. नवा डॉक्टर म्हणतो, भेसळीचंच जनावर, कायले एवढा खटाटोप, साहेबांच्या कागदाचं मी पाहून घेतो, सुई देऊन टाकू.
"त्याले मारू देऊ नका, ममताबाई," म्हणाले, आणि तिथंच पायरीवर बसले.
मी औषधांची पेटी उचलली.