दुसरं बटण

फ्लिंट, मिशिगन
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय मार्लिस,
धाकट्या भावाचा स. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सोबतची जंगली तांदळाची पिशवी पोचली. डोरीनने त्याचं सूप केलं आणि मला दोन दिवस दुसरं काही मिळालं नाही. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. कारखान्यात जन्मभर लोखंडी पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांशेजारी उभा राहिलो, त्यांनी माझे कान खाल्ले. मागच्या वेळी फोनवर तू रडत होतीस की शिंकत होतीस, तेही मला कळलं नाही. कागदावर बरं पडतं.

आता मुद्द्याचं. वेन्डेलने तीन वर्षांच्या भाडेकराराने घेतलेली निळी गाडी मार्चमध्ये परत करायची आहे आणि तू अजून जागची हललेली नाहीस. तो असता तर एव्हाना सगळ्या विजेच्या गाड्यांचे तक्ते करून त्याने फ्रिजवर चिकटवले असते. फेब्रुवारीत तो गेला, म्हणून हे काम मी अंगावर घेतलंय. दोन शनिवार शोरूम पालथी घातली. तिथल्या पोरांना वाटलं, म्हातारा गडगंज दिसतोय. कॉफी फुकट, वर बिस्किटं.

जर्मन गाडी म्हणजे नुसता थाट. समोरचा टीव्हीसारखा पडदा या दारापासून त्या दारापर्यंत, आणि सीट चक्क पाठ चोळून देते. डोरीन उतरायलाच तयार नव्हती. स्वीडिश गाडी शांत, सरळ, फार न बोलणारी, आपल्या आजोबांसारखी. आत-बाहेर करायला सोपी, म्हणजे तुझ्या कंबरेची कटकट नाही. आमच्या डेट्रॉइटची घे म्हणायला जीभ वळवळते, पण ती इतकी अवाढव्य आहे की तुझ्या गॅरेजमध्ये एक तर ती राहील नाहीतर तू. कडाक्याच्या थंडीत पल्ला सगळ्यांचाच घटतो, त्यात डावंउजवं नाही. चर्च, दुकान, दवाखाना आणि तुमच्या गावच्या त्या जीवघेण्या चढणी एवढ्यासाठी माझं मत स्वीडिशला. दोन्ही चालवून बघ आणि कळव.

लोभ आहेच, तो गंजू देऊ नकोस.
तुझा,
ऑरिन


डुलुथ, मिनेसोटा
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय ऑरिन,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, डोरीनला प्रेम.

तुझ्या हुकमाप्रमाणे दोन्ही चालवल्या. जर्मन गाडीच्या पेडलवर पाय ठेवला न ठेवला तोच लेक अव्हेन्यूची चढण संपलेली. शेजारी विक्रीवाली मुलगी होती, तिने किंकाळी गिळली. सभ्य घरची असावी. मला ब्रेड आणायला जायचं असतं रे, चंद्रावर नाही. आणि हातमोजे घालून त्या पडद्यावर मला काही जमेना. आमच्याकडे हातमोजे मे महिन्यात निघतात.

स्वीडिश गाडी आजोबांसारखी आहे म्हणालास, ते अगदी खरं. आजोबांसारखीच पावलोपावली चूक दाखवते. रेषेवरून जरा सरकलं की स्टीअरिंग थरथरतं. जांभई दिली तर कॉफी प्या म्हणाली. माझ्यावर नजर ठेवायला एक आई होती, तेवढी पुरे झाली. सीटा तर मला दोन्हींच्या आवडल्या नाहीत. का ते विचारू नकोस.

निळीचं काय वाईट आहे? पल्ला घटतो तर घटू दे, मला कुठे शिकागोला जायचंय? पेट्रोलच्या गाड्यासुद्धा आपण हिवाळ्यात इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर वायरला बांधून ठेवायचोच, मग नवीन काय झालं, असं वेन्डेल म्हणायचा. बघू. घाई करू नकोस.

थँक्सगिव्हिंगला दोघं नक्की या. टर्की माझी, पम्पकिन पाय डोरीनचा, बडबड तुझी.

माया असू दे.
तुझी,
मार्लिस


डुलुथ
८ ऑक्टोबर २०२४

चि. ब्रिटास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मला रडू येतं आणि तिकडे तुझं जेवण थंड होतं, म्हणून लिहिते. परवा तुझ्या मामाला मी धडधडीत खोटं कळवलं. दोन्ही गाड्या चांगल्या आहेत. स्वीडिश तर फारच चांगली आहे. तासभर चालवली तरी कंबर दुखली नाही.

खरं तुला सांगते. निळीच्या दारावर सीटची जागा लक्षात ठेवणारी दोन बटणं आहेत. पहिलं माझं, दुसरं तुझ्या बाबांचं. पहिलं दाबलं की सीट पुढे येते, उंच होते. दुसरं दाबलं की घुमत घुमत मागे जाते, खाली बसते, पाठ जराशी कलते, आरसे वर होतात. त्यांच्या त्या लांबलचक पायांसाठी. रविवारी चर्चला निघण्याआधी मी गॅरेजमध्ये दुसरं बटण दाबते, मग वळसा घालून शेजारच्या सीटवर, माझ्या जुन्या जागी जाऊन बसते. हातमोजे मांडीवर ठेवते. थोडा वेळ अशीच बसते. मग पहिलं दाबून स्वतः चालवत जाते. पाद्रीबाई म्हणतात, मार्लिस आता सावरली.

त्यांचे कपडे तू नेऊन दिलेस ते बरं केलंस, कपड्यांना त्यांचा वासही राहिला नव्हता. पण ही एक जागा अजून त्यांच्याच मापाची आहे. जगात आता दुसरं काहीही त्यांच्यासाठी मागे सरकत नाही. गाडी परत घेतली की आधी सगळ्या नोंदी पुसून टाकतो, पुढच्याला कोरी मिळावी म्हणून, असं त्या विक्रीवाल्या मुलीने मला हसत सांगितलं. मी पण हसले. बाहेर आले तेव्हा बर्फासारखी गार पडले होते.

मामाला यातलं काही बोलू नकोस. तो हसणार नाही, रडेल. त्याला रडताना मला बघवत नाही.

तुझी,
आई


स्पोकेन
१५ ऑक्टोबर २०२४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये वाचलं आणि कामावर सुजलेल्या डोळ्यांनी गेले. गाडी ठेव. करार संपला की तीच विकत घेता येते, ते मी फोन करून बघते. मामाची समजूत तू काढ, मला तो अजून सात वर्षांची समजतो.

एक सांगू? चिडू नकोस. यंत्राचा काय भरवसा! उद्या बॅटरी बदलली, कुणाचा हात लागला, तर? शिवणाच्या डब्यातली टेप घे आणि पेडलपासून सीटपर्यंत मोजून ठेव. पाठीचा, आरशांचा फोटो काढ. माझ्यासाठी.

तब्येत जप. खोकला अंगावर काढू नकोस.
तुझी,
ब्रिटा


डुलुथ
३ नोव्हेंबर २०२४

चि. ब्रिटास,
आशीर्वाद.

ठरलं. निळी ठेवते. किती दिवसांनी मला गाढ झोप लागली. थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर, पम्पकिन पाय खाताना मामाला सगळं सांगून टाकेन. तोंडात घास असला की तो कमी बोलतो.

टेपचं मात्र नाही जमणार. तुझ्या बाबांचं माप फेब्रुवारीत शवपेटीसाठी त्या काळ्या कोटवाल्यांनी घेतलं, तेव्हा मी दारात उभी होते. पुन्हा मी घेणार नाही. बटण दाबलं की ते आहेत, मग मोजायचं कशाला?

तुझी,
आई


फ्लिंट
१ डिसेंबर २०२४

प्रिय मार्लिस,
स. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. ताप उतरला का? तुला काहीतरी महत्त्वाचं सांगायचं होतं म्हणे, आणि ऐन दिवशी तू अंथरुणाला खिळलीस. टर्की मी भाजली याबद्दल डोरीन अजून टर्कीची माफी मागते आहे.

पम्पकिन पायवर घालायचं क्रीम विसरलं होतं, ते आणायला निळी घेऊन गेलो. काळजी नको, तुझी पहिल्या बटणावरची सीट जशीच्या तशी आहे. दुसऱ्याची बसायची जागा बिघडवायची नाही, हा आम्हा कारखानेवाल्यांचा धर्म. दुसरं दाबून बघितलं तर सीट मागे, माझे पाय पेडलला पोचेनात. मला हसू आलं. कारखान्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा सीट अशीच मागे ढकललेली असते, म्हणजे तीन वर्षांत तिथे कुणी हातच लावलेला नव्हता. वेन्डेल अर्थात पहिल्यावर असणार, त्याची गाडी ना, आणि ते आता तुझं झालं. तेव्हा दुसऱ्यावर मी माझी सीट बसवून टाकली. आता मी आलो की बटण दाबायचं आणि निघायचं, भांडण नाही.

निळी चढणीवर आता कुरकुरते, मलासुद्धा जाणवलं, म्हणजे बघ. हट्ट सोड आणि स्वीडिश घे.

रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझा,
ऑरिन


डुलुथ
९ डिसेंबर २०२४

चि. ब्रिटास,
आशीर्वाद.

बरं वाटलं म्हणून गेल्या रविवारी गॅरेजमध्ये गेले. दुसरं बटण दाबलं. सीट जेमतेम सरकली आणि थांबली. मला वाटलं, थंडीने अडकली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेवढीच. मग मामाचं पत्र आलं. सोबत पाठवते, वाच आणि जाळून टाक.

पत्र वाचून मी त्याला गॅरेजमध्ये उभी राहून मोठमोठ्याने शिव्या दिल्या. तुझ्या आईला एवढ्या शिव्या येतात हे मलाही माहीत नव्हतं. मग सीटवर बसले आणि हाताने लावायला घेतली. शेवटपर्यंत मागे नेली, तर ती जास्त झाली. तुझे बाबा थोडे अलीकडे होते. किती अलीकडे? पाठ किती कललेली? खाली किती? मागे, पुढे, मागे, पुढे. एकेचाळीस वर्षं ज्याच्या शेजारी बसले त्याची बसायची जागा मला सापडेना, ब्रिटा. सीट थांबत होती ती माझ्या बोटाने थांबवलेल्या जागी, तिथे ते नव्हते. तू टेप घे म्हणाली होतीस. घेतली असती तर काय बिघडलं असतं? काही नाही. हे आता रोज मनात येतं आणि जाता जात नाही.

तू मामावर भडकशील. भडक, पण त्याला एक अक्षर कळवलंस तर माझी शपथ आहे. माझी पहिल्या बटणाची सीट जपली म्हणून तो किती खूश आहे बघ. त्याला माझ्याशिवाय आणि डोरीनशिवाय कोण आहे? एकाचं मन मोडलंय तेवढं पुरे.

आता निळी ठेवून काय करू? ती नुसती गाडी राहिली.

तुझी,
आई


डुलुथ
९ मार्च २०२५

प्रिय ऑरिन,
आशीर्वाद, डोरीनला प्रेम.

घे, जिंकलास. काल स्वीडिश गाडी घरी आणली. पांढरी आहे, म्हणजे बर्फात उभी केली की मला सापडणार नाही. तू म्हणालास तसंच, चढायला-उतरायला सोपी, आणि सीट इतकी लवकर तापते की चर्चपर्यंत मी केकसारखी भाजून निघते. चूक दाखवते ते खरं, पण घरात दुसरं कुणी चूक दाखवणारं नाही, तेव्हा चालवून घेते. एवढे शनिवार माझ्यासाठी शोरूम झिजवलीस, फुकटची कॉफी प्यायलास, त्याचे उपकार विसरणार नाही.

निळी परत केली. देण्याआधी आतून पुसून काढली. शेजारच्या सीटखाली वेन्डेलची खोकल्याची गोळी सापडली, कागदासकट. ती ठेवली आहे.

नवीच्या सीटला पण बटणं आहेत. विक्रीवाल्या मुलीने विचारलं, दुसरं कुणासाठी ठेवू? मी सांगितलं, माझ्या भावासाठी. मग ते तुझं. उन्हाळ्यात या, सरोवरावर मासे खायला जाऊ, तू चालव. मी शेजारी बसेन. मला तिथे बसायची सवय आहे.

कानांना जप. माझ्यावर होती तशीच माया राहू दे.
तुझी,
मार्लिस

ता. क. सहज विचारते. निळीत दुसरं बटण दाबलंस तेव्हा तुझे पाय पेडलला पोचत नव्हते म्हणालास, तर मध्ये किती उरत होतं? एक वीत, की त्याहून कमी? आणि पाठ टेकत होती का तुझी? तिथे शेवटचा तूच बसलास. आठवलं तर कळव.