सिक्स्टनदादाच्या गाडीतला ओलावा

ती. गुनवोर वहिनींस,

यॉस्टाचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात; कंबर अजून वाकत नाही). तुमचा गुडघा कसा आहे? इथे उणे अठरा. आमची मायब्रिट ठणठणीत आहे, हे तिच्या आवाजावरून सगळ्या गावाला कळतं.

गाडीची काळजी करू नका. मे महिन्यात ती कोरडी ठणठणीत तुमच्या हाती देईन, असा शब्द मी दादाला त्याच्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात दिलाय. ऑक्टोबरातच गाडी कोठारात ठोकळ्यांवर चढवली, सायलेन्सरच्या नळीत तेलकट फडकं कोंबलं (उंदरांसाठी), वर सुती चादर घातली (प्लास्टिकखाली गाडी घामेजते) आणि आतला दमटपणा शोषायला ड्रायव्हरच्या सीटवर पातेलंभर कोरडे तांदूळ ठेवले. इथवर माझी काहीही चूक नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी ते मायब्रिटने पाहिले. "अहो, टोम्टेला कच्चे तांदूळ? जनाची नाही तर मनाची तरी!" (कोठाराच्या त्या बुटक्या राखणदाराला नाताळात लोणी घातलेली खीर मिळाली नाही, तर तो वर्षभर सूड उगवतो, हे तिच्या माहेरचं शास्त्र तुम्ही जाणताच.) तिने माझेच तांदूळ शिजवले, वाफाळतं पातेलं परत सीटवर ठेवलं आणि दार लावून घेतलं. माझी दोन महिन्यांची मेहनत पाण्यात.

सकाळी सगळ्या काचा आतून घामेजलेल्या, आणि पातेलं चाटूनपुसून लख्ख. दारं बंद, काचा बंद. मी सगळं पुसलं, ओलावा ओढणारं यंत्र तीन दिवस चालवलं. गाडी वाळली. फक्त ड्रायव्हरच्या बाजूची काच रोज सकाळी आतून धुरकट होते, तोंडाएवढ्या गोलात. मायब्रिट म्हणते टोम्टे खूश आहे. मी म्हणतो काचेचं रबर गेलंय. भूतबित मी मानत नाही. कोठारात शिरताना आधी खोकतो, एवढंच.

जिवाला जपा.

तुमचा धाकटा दीर,
यॉस्टा

ता. क. रबर नवीन बसवलं. गोल तिथेच आहे.

आणखी ता. क. मायब्रिटने रीतीप्रमाणे खिरीत एकच बदाम टाकला होता (ज्याला मिळेल त्याचं वर्षात लग्न). पातेल्यात नव्हता, सीटखालीही नव्हता. काल ड्रायव्हरशेजारच्या, तुमच्या नेहमीच्या सीटवर होता, अगदी मधोमध. दरवर्षी दादाच तो शोधायचा आणि गुपचूप तुमच्या ताटात सरकवायचा, आठवतं? मी हात लावलेला नाही. मायब्रिटलाही बोललो नाही.

शेवटचं. वहिनी, मे महिन्याची वाट पाहू नका, या. ती काच पुसायची की नाही, ते तुम्हीच ठरवा. मला पुसवत नाही.