बारा पावलांचा ठिपका

नाना, परवा मी आपल्या कॉलेजच्या मैदानावर फुटबॉलची मॅच बघून आले. आपलं कॉलेज म्हणजे तुम्ही जिथं शिपाई होता तेच. मी काही तिथं शिकले नाही, चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. पण आता माझी नात तिथं शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे पुन्हा आपलंच झालं. तीच म्हणाली, "आजी, चल ना. हरणारच आहोत, पण मजा येते." हरायला जायचं आणि मजा करायची, हे मला नवीन. पण गेले. स्वेटर घातला, कानाला रुमाल बांधला, द्राक्षं धुऊन डब्यात घेतली, चिवडा घेतला, पाणी घेतलं, बसायला जुनी सतरंजी घेतली. नात म्हणाली, "आजी, दीड तासासाठी चाललोय आपण, सापुताऱ्याला नाही." चिवडा मात्र तिनंच संपवला, ते असो.

मैदान तेच आहे, पण तुम्हाला ओळखू यायचं नाही. तुमची चुन्याची खोली होती तिथं आता स्कूटर लावतात. नळ तिथंच आहे आणि अजून गळतो. रेषा मारायला चाकाचा गाडा आलाय, माणूस तो ढकलत ताठ चालत जातो आणि मागं पांढरी रेष उमटत जाते. मी आपली बघतच राहिले. तुम्ही डब्याला खिळ्यानं भोकं पाडायचे, त्यात चुना भरायचे आणि वाकून, उलटं चालत, डबा हलवत हलवत सगळं मैदान आखायचे. घरी आलात की आई कंबर शेकायला विटेचा तुकडा तापवायची. तुमच्या पायांच्या भेगांत चुना असायचा, तो आंघोळीनंही जायचा नाही. मी तो काडीनं कोरून काढायची आणि तुम्ही म्हणायचे, "राहू दे गं, परवा परत भरायचाच आहे."

सामना होता नदीपलीकडच्या कॉलेजशी. तुमच्या वेळेपासूनचा, दरवर्षी थंडीतला. जिंकेल त्याला ती पितळी ढाल. आणि बरोबरी झाली तर ढाल ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच राहते, हा नियमही तोच. नात जन्मली तेव्हापासून ढाल पलीकडेच आहे, म्हणजे आपण जिंकल्याशिवाय ती येणार नाही, आणि जिंकणं काही आपल्याला जमत नाही. आपल्या पायऱ्यांवरच्या पोरापोरींनी ढोल आणला होता, पण कुणी वाजवत नव्हतं, दोघंजण त्यावर बसली होती. पलीकडचे ओरडत होते, "ढाल कुणाची? आमची!" तर आपले ओरडले, "ठेवा तुमच्याकडंच, आमच्याकडं कपाट नाही!" मी एवढी हसले की द्राक्ष घशात अडकलं.

खेळ म्हणाल तर, नाना, काहीच होईना. हे इकडं पळाले, ते तिकडं पळाले, फळ्यावर शून्य आणि शून्य. आपल्यातल्या एकानं बॉल असा मारला की झाडावरचे बगळे उडाले. मागून आवाज आला, "अरे, जाळी खाली आहे, खाली!" दुसरा म्हणाला, "ओरडू नको, त्याला दिशा कळल्या तर घाबरेल." एक मुलगी तर डोळे मिटूनच बसली होती. मी म्हटलं, "अगं बघ तरी." ती म्हणाली, "नको आजी, मी बघितलं की ते गोल करतात." माझी नात नखं खात होती. मला म्हणते, "तू जास्त बघू नको, तुझं बीपी वाढेल." माझं कशाला वाढेल? मला फार आवडलं. बावीस जणांनी जीव तोडून पळायचं आणि शेवटी दाखवायला काही नाही, हे तर आम्हा बायकांचं रोजचंच. फरक एवढाच, की आमच्यासाठी कुणी पायऱ्यांवर बसून जीव टांगणीला लावत नाही.

मध्यंतर झालं. माझ्या मागच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, माकडटोपी, मफलर, गुडघ्यात काठी. सगळी पोरं त्यांना आबा म्हणत होती. एकानं हाक दिली, "आबा, ती ठिपक्याची गोष्ट!" दरवर्षी मध्यंतराला ते ती सांगतात म्हणे, आणि नवी पोरं ऐकायला मुद्दाम त्यांच्याभोवती बसतात. मी वळले नाही. आवाजावरूनच ओळखलं. ते आपले गोलकीपर, नाना. हिरवा शर्ट घालणारे, ज्यांना तुम्ही लिंबू कापून द्यायचे.

"पेनल्टी म्हणजे माहितेय ना?" आबा सांगत होते. "गोलसमोर बारा पावलांवर चुन्याचा ठिपका. एकानं तिथून मारायचं, एकट्या कीपरनं अडवायचं. त्या वर्षी असंच शून्य-शून्य चाललेलं. शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. मी उभा राहिलो, तर मारणारा माझ्या नाकाशी! मी हात उचलेपर्यंत बॉल जाळीत. नंतर मोजलं, तर ठिपका एक माणूस आडवा झोपेल एवढा जवळ. आणि तो ठिपका आखला कुणी? आपल्याच शिपायानं! गडी सकाळीच लावून आला असेल." सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "तेव्हापासून आपलं कॉलेज बसलंय ते बसलंयच." माझी नातही हसली, नाना. तिला मी कधी सांगितलंच नाही, तो शिपाई तिच्या आजीचा बाप होता. दारू सोडा, तुम्ही सुपारीसुद्धा खात नव्हता.

आता तो दिवस. मी नऊ वर्षांची आहे, शाळेला सुट्टी आहे, आणि तुम्ही मला डबा धरायला घेऊन आलाय. सगळ्या रेषा झाल्यात, नळाकडच्या गोलसमोरचा एक ठिपका राहिलाय. तेवढ्यात ऑफिसातून हाक येते, पाहुणे आलेत, चहा न्या. तुम्ही डबा माझ्या हातात देता. "दोरी गोलला लाव. लाल चिंधीची गाठ आहे ना, तिथवर ताठ ओढ, आणि तिथंच चुना टाक. जमेल?" मी म्हणते, जमेल. तुम्ही जाता. दोरी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला राहिलीय. ऊन चढलंय, पाय दुखताहेत, आणि तिकडं खेळाडू नवे शर्ट घालून उतरताहेत, ते मला बघायचेत. तुम्ही घाईत असलात की बारा पावलं मोजायचे, हे मी पाहिलेलं. मग मीही बारा पावलं मोजते. चांगल्या टांगा टाकून मोजते. बाराव्या पावलाला डबा उपडा करते. ठिपका इतका गोल पडतो, भाकरीसारखा, की मलाच माझं कौतुक वाटतं. तुमची पावलं मोठी आणि माझी लहान, हे डोक्यात आलंच नाही. हिशेब बाराचा होता, बारा केले.

तुम्ही चहा देऊन धावत आलात, लांबूनच ओरडलात, "दोरी लावली का गं?" आणि मी म्हणाले, "लावली."

मॅचनंतर खेळाच्या सरांनी टेप लावून मोजलं. सगळ्या मुलांसमोर, पाहुण्यांसमोर तुम्हाला बोलले, काय काय बोलले ते मी लिहीत नाही. तुम्ही टोपी काढून हातात घेतली होती. मी नळाच्या मागं उभी होते. तुम्ही माझ्याकडं एकदाच बघितलं आणि सरांना म्हणालात, "चुकी झाली साहेब. माझ्या हातनं झाली." त्यानंतर मैदान दुसऱ्याकडं गेलं, तुम्हाला घंटा आणि पाण्याचे माठ दिले. रिटायर होईस्तोवर तुम्ही चुन्याला हात लावला नाही. कंबर तरी वाचली, असं आई म्हणायची, पण तुम्ही कधी हसला नाही त्यावर. चार दिवसांनी तुम्ही ती दोरी घरी आणलीत, चिंधी मधोमध ठेवून कापलीत, दोन्ही टोकांना गाठी मारल्यात आणि माझ्या हातात दिलीत. "घे. उड्या मार." लाल चिंधी तशीच होती. मी अंगणात उड्या मारायची आणि प्रत्येक उडीला ती चिंधी जमिनीवर आपटायची. तुम्ही ओट्यावर बसून मोजायचे. तुम्हाला माहीत होतं, नाना? का नुसती फेकायची दोरी पोरीला दिलीत? तुम्ही शेवटी चार महिने अंथरुणात होता. मी रोज पेज भरवायची, रोज वाटायचं आज विचारू. पेज थंड व्हायची म्हणून आधी भरवायची, मग तुम्हाला झोप लागायची.

मी कुठं होते? हां, मॅच. दुसरा अर्धा भागही तसाच गेला. ऊन कललं, लोक उठायला लागले, आणि एकदम शिट्टी वाजली. पेनल्टी. आपल्याला! आणि त्याच गोलवर, नळाकडच्या. तुम्हाला वाटेल आपली पोरं नाचली असतील. छे. पोरं अशी बसून राहिली, जशी कुणाच्या मरणाची खबर आलीय. मघाची डोळे मिटलेली मुलगी रडायलाच लागली. "कशाला दिली? आता हा चुकवणार आणि आपण वर्षभर ऐकायचं." ढोलावरचे दोघं उठून मागं सरकले. माझी नात माझा दंड एवढा आवळून बसली की अजून निळा आहे. आणि मागून आबा म्हणाले, "ठिपका मोजून घ्या रे! का तोच शिपाई परत आणलाय?"

पुन्हा हशा. या वेळी मी वळले. सतरंजीवरून पूर्ण मागं फिरले. "आबा, तो शिपाई दारू पीत नव्हता."

आबांनी टोपी कानावरून वर केली. "तुम्हाला काय ठाऊक, ताई?"

"ठाऊक आहे. आमच्या ओळखीतले होते."

"मग ठिपका कसा चुकला?"

उत्तर माझ्या ओठावर होतं, नाना. साठ वर्षांचं. नात माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "मला काय माहीत."

तेवढ्यात त्यानं बॉल मारला. माझी मैदानाकडं पाठ होती, त्यामुळं मी बॉल बघितलाच नाही, मी तोंडं बघितली. सगळ्या पायऱ्यांवरची तोंडं एकदम वर गेली, थोडा वेळ वरच राहिली, आणि मग एकेक करून खाली आली. लांब कुठंतरी एका स्कूटरचा भोंगा वाजायला लागला. बॉल तुमच्या चुन्याच्या खोलीच्या जागी जाऊन पडला होता. रडणारी मुलगी डोळे पुसून म्हणाली, "चला, झालं एकदाचं." तिला हलकंच वाटलं असावं. शून्य-शून्य. ढाल राहिली पलीकडंच. जाताना ते लोक वाकून नमस्कार करत होते आपल्याला, आणि आपली पोरं त्यांना आशीर्वाद देत होती. मी नातीला विचारलं, "पुढच्या वर्षी तरी जिंकाल का गं?" "छे!" म्हणाली. "मग मी येते," मी म्हटलं. असल्या लोकांत बसायला मला आवडतं. त्यांना कसलीच आशा नाही आणि तरी कुणी घरी राहत नाही.

पण मुख्य गोष्ट पुढंच आहे. पायऱ्या उतरताना आबा माझ्याजवळ थांबले. पोरं पुढं गेली होती. काठीवर जोर देत हळूच म्हणाले, "ताई, ते दारूचं मी उगाच जोडतो. पोरं हसतात म्हणून. आणि खरं सांगू? ठिपका कुठंही असता तरी तो गोल झालाच असता. मी उजवीकडं उडी मारायची आधीच ठरवून टाकली होती, बॉल गेला डावीकडं. कुणाला बोललो नाही आजवर." मग विचारलं, "तुमच्या ओळखीतले ते... आहेत का अजून?"

मी म्हणाले, "नाहीत."

ते म्हणाले, "लिंबू फार छान कापायचे हो."

आणि गेले. नाना, त्या माणसानं स्वतःची चूक माझ्यापाशी कबूल केली, बोलायला जागा करून दिली, आणि मी द्राक्षाच्या डब्याचं झाकण लावत उभी राहिले. पुढच्या वर्षी मध्यंतराला ते दारूचं वगळतील कदाचित. पण ठिपका तुमचाच राहील. घरी येताना मी मनाची समजूत काढली, की त्या गोष्टीमुळं तरी त्या मैदानावर तुमची आठवण निघते, खरं सांगितलं तर तेवढीही निघायची नाही. समजूत चांगली आहे, पण खोटी आहे. मी भ्याले. नऊ वर्षांची असताना भ्याले तशीच.

नात आत्ताच डोकावून गेली, कुणाला लिहितेस विचारत होती. मी म्हटलं, किराण्याची यादी. दोन पानांची यादी बघून ती हसली. ही पानं मी त्या दोरीच्या पिशवीत ठेवणार आहे. दोरी अजून आहे, चिंधीचा रंग तेवढा गेलाय. दोरी लावली नव्हती हे तर तुम्हाला तेव्हाच कळलं असेल, त्याचं मला आता तेवढं नाही. दुसरंच डाचतंय. साठ वर्षांनी कुणीतरी तुमच्याबद्दल विचारलं, आणि मी तुम्हाला ओळखीतले म्हणाले.