हे पत्र अळंबीच्या जागेसाठी नाही

तोरेब्रुना,
२४ ऑक्टोबर

प्रिय रेमेईताई,

धाकट्या भावाचा नमस्कार पोचावा. तुझा गुडघा, जावयाची नोकरी आणि तुमच्या इमारतीची लिफ्ट या तिन्ही गोष्टी एव्हाना चालू लागल्या असतील अशी आशा करतो. इकडे सर्व ठीक. क्वितेरिया मजेत आहे (माझ्याशी लग्न होऊन छत्तीस वर्षं झालेली बाई जितकी मजेत असू शकते तितकी). माझा रक्तदाब डॉक्टरांच्या मते वरचा आहे. माझ्या मते त्यांचं यंत्र वरचं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो, म्हणजे तू उगाच सावध होऊन वाचणार नाहीस. हे पत्र बाबांच्या अळंबीच्या जागेसाठी नाही. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटच्या दिवशी त्यांनी तुला आत बोलावलं, दार लावून घ्यायला सांगितलं, आणि मला डॉक्टरांच्या गाडीकडे पाठवलं (गाडी वळणावर लावली होती. एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलेल्या माणसाला ते दिसणारच, आणि त्या प्रसंगीसुद्धा मी डॉक्टरांना ते सांगितलं). आत तुमचं काय बोलणं झालं हे मी आजतागायत विचारलेलं नाही. तू बार्सिलोनात चौथ्या मजल्यावर राहतेस आणि आपल्या डोंगरातली रोव्हेयो अळंबीची सगळ्यात चांगली जागा तुला ठाऊक आहे. मी डोंगराच्या पायथ्याशी राहतो आणि मला ठाऊक नाही. हा अन्याय आहे असं मी म्हणत नाही. मला वाईट वाटतं, एवढंच म्हणतो. अजूनही वाटतं. पण आजचा विषय तो नाही.

आजचा विषय इतिहास-वाट. तुला कळलं असेलच की मी भटकंती मंडळाचा अध्यक्ष झालो (बिनविरोध, दुसरा उमेदवार सभेच्या आधीच वारला). अध्यक्ष झाल्या झाल्या मी ठराव आणला की गावाभोवतीची सगळी जुनी ठिकाणं जोडणारी एक वाट आखायची: किल्ल्याची उरलेली भिंत, बर्फ साठवायची विहीर, चुन्याची भट्टी, संत बाल्दिरीचं देऊळ, इबेरियन लोकांच्या घरांचे ते दगड, आणि या सगळ्यांच्या मधली पाइनची रानं. झाडांवर पिवळे-पांढरे पट्टे, ठिकठिकाणी पाट्या. आता इल्देफोन्स खाटीक (तोच मंडळाचा चिटणीस) सगळीकडे सांगत सुटलाय की पाइनची रानं काही ऐतिहासिक नाहीत आणि अध्यक्षांना ती ऑक्टोबरातच का आखायची आहेत. त्याला म्हणावं, वाट आखताना पायाखाली काही दिसलं तर डोळे मिटून घ्यावेत असा मंडळाचा नियम नाही.

इथं तुला एक सांगायलाच हवं, आणि हे मी क्वितेरियालाही सांगितलेलं नाही. बाबांनी जागा मला सांगितली नाही हे गावात कुणालाच माहीत नाही. बापानं मुलाला जागा सांगितली नाही म्हटल्यावर लोक काय समजतील? मुलगा वेडा आहे किंवा मुलगा त्याचा नाही, यापलीकडे इथल्या लोकांची बुद्धी जात नाही. म्हणून दर ऑक्टोबरात मी पहाटे टोपली घेऊन निघतो, झऱ्याजवळ दोन तास बसतो, आणि टोपली नेच्याच्या पानांनी झाकून गावातून ऐटीत परत येतो. पानांखाली माझा स्वेटर असतो. अकरा वर्षं लोक त्या स्वेटरकडे आदरानं पाहत आलेत.

तर वाट आखायला स्वयंसेवक हवेत असं मी पत्रक लावलं. मंडळाच्या कामाला एरवी तीन माणसं येतात, त्यातला एक मी. या वेळी चौदा आली. चौदाही जणांच्या हातात टोपल्या. इतिहासाचं एवढं प्रेम गावात दबून होतं याची मला कल्पना नव्हती! देवळासमोर उभा राहून मी बाराव्या शतकाबद्दल सांगत होतो, तर बारा जणांची पाठ माझ्याकडे, तेरावा गुडघे टेकून झुडपात हात घालतोय, आणि फार्मसीवाली कोन्सोल तेवढी माझ्याकडे बघतेय. पण तीही माझ्या बुटांकडे. मी डावीकडे वळलो की चौदा जण डावीकडे. मी लघवीला झाडामागे गेलो तर चौदा जण त्या झाडाभोवती इतिहास शोधत उभे. माझ्या मागे आलं तर बाल्दिरी म्हाताऱ्याची, म्हणजे आपल्या बाबांची, जागा सापडेल, हा त्यांचा हिशेब. मी त्यांच्या पुढे चाललोय आणि मलाही तीच जागा शोधायची आहे, हे त्यांना कोण सांगणार?

नऊ वाजता भट्टीपाशी न्याहारीला बसलो. घेवडा, सॉसेज, तोंडाला न लावता वरून धार पाडायची ती वाइनची सुरई. इल्देफोन्सच्या पोटात दोन धारा गेल्या आणि तो अगदी मऊ झाला. माझ्याजवळ सरकून म्हणाला, “अध्यक्ष, आता आपल्यातच सांगा. म्हातारा कुठल्या अंगाला जायचा?”

“कोण म्हातारा?” मी म्हटलं.

“घ्या! कोण म्हातारा म्हणे. अहो, तुमचे बाबा. काय माणूस होता! टोपली इथं भरायचा आणि येताना बुटांना पलीकडच्या डोंगराचा चिखल लावून यायचा. तीन वर्षं मी पलीकडचा डोंगर पालथा घालत होतो. आहे का असा माणूस आता?”

मी गूढ हसलो. दुसरं काय करणार? ते हसू पाहून चौदा जण ताटं टाकून उभे राहिले.

या सगळ्याला कंटाळून मी चूक केली, ताई. प्रत्येकाला वाटेचा एकेक तुकडा वाटून दिला, रंगाचे दोन डबे आणि ब्रश हातात ठेवला आणि म्हटलं, जा, आपापला तुकडा रंगवा, मला एकटं सोडा. सगळे इतक्या तत्परतेनं गेले की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आठवड्यात काम पुरं. नकाशे छापून झाले. तालुक्याच्या अधिकाऱ्यांना आमंत्रणं गेली, शेजारच्या गावांतून एकशे साठ चालणारे रविवारी येणार म्हणून नावं नोंदवून बसले. आणि परवा मी पहिल्यांदा पट्टे बघत बघत सबंध वाट चाललो.

चर्चच्या चौकातून निघायचं, ते ठीक. किल्ल्याच्या चढाला लागायच्या ऐन ठिकाणी पट्टे डावीकडे वळतात आणि तुला डुकरांच्या गोठ्यामागे नेतात. तिथून महामार्गाखालच्या बोगद्यातून सिमेंट कारखान्याची मागची भिंत, मग झऱ्यापर्यंत नुसतं रान, मग कबरस्तानाची मागची भिंत, मग (मला अजून समजलेलं नाही कसं) पुन्हा डुकरं. बर्फाच्या विहिरीचा बाण विहिरीकडे पाठ करून उभा आहे. देऊळ नाही, भट्टी नाही, इबेरियन लोक नाहीत. एकोणीस किलोमीटरच्या इतिहास-वाटेवरून इतिहास एकदाच दिसतो: महामार्गापलीकडे, दुर्बीण असेल तर, किल्ल्याची भिंत.

सभा बोलावली. विचारलं, वाट किल्ल्याखालून का जात नाही?

“तिथं साप आहेत,” इल्देफोन्स म्हणाला.

“आणि भट्टीकडून?”

“भट्टीत भूत आहे,” कोन्सोल म्हणाली.

“बाई, तुम्ही फार्मसी चालवता!”

“म्हणूनच सांगते. त्याच्यावर औषध नाही.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रत्येकानं आपापल्या अळंबीच्या जागेपासून वाट लांब वळवली होती. किल्ल्याखाली इल्देफोन्सची जागा, भट्टीमागे कोन्सोलची, देवळाला वळसा म्हणजे पाद्रीबुवांच्या बहिणीची. मी नकाशा घडी करून खिशात घातला. एकेक वळण म्हणजे एकेक गुपित. सगळ्या गावाच्या बापजाद्यांनी मरेपर्यंत जपलेलं माझ्या खिशात, आणि तेही मंडळाच्या शिक्क्यासह. तिघांनी त्याच दिवशी मला घरी जेवायला बोलावलं. इतकी इज्जत मला अध्यक्षपदानंही दिली नव्हती.

पण घरी येऊन नकाशा नीट पाहिला. कारखान्यापासून झऱ्यापर्यंत दोन किलोमीटर वाट अगदी सरळ जाते, उत्तम पाइनच्या रानामधून. तिथं कुणी वळवली नाही, कारण तिथं कुणाची जागा नाही. म्हणजे कुणाची माहीत असलेली जागा नाही. समजलं ना? बाबांसाठी वाट वळवायला तिथं कुणीच नव्हतं. मी असायला हवा होतो.

बाकी सर्व क्षेम. मुलांना आशीर्वाद, जावयाला नमस्कार. हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक.

तुझा धाकटा भाऊ,
नार्सिस
(अध्यक्ष, तोरेब्रुना भटकंती मंडळ)

ता. क. आता तू विषय काढलासच आहेस, तर एकच विचारतो. बाबांची जागा त्या सरळ दोन किलोमीटरांत आहे का? असेल तर रविवारी एकशे साठ जोडी बूट तिच्यावरून जातील, आणि तालुक्याच्या अधिकाऱ्यांचे वेगळे. फोन करून फक्त हो किंवा नाही सांग, मी वाट वळवीन. नेमकी जागा मला नको. (मात्र नीट वळवायची तर दहा मीटरच्या आतला अंदाज लागेल. झाडाची खूण असेल तर उत्तम.)

ता. क. २. फोन करू नकोस. पाकीट चिकटवायच्या आधी क्वितेरियानं पत्र वाचलं (ती सगळीच वाचते) आणि ती एवढी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. स्वेटरचं तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं, ती तो धुते. आणि जागाही माहीत आहे! बाबांनी लेकीला सांगायच्या कितीतरी आधी सुनेला सांगितली होती. ती म्हणते, जागा वाटेपासून दोन डोंगर लांब आहे, काळजी सोड. म्हणजे अकरा वर्षं जी अळंबी मी बाजारातली समजून खाल्ली आणि दर वर्षी म्हणालो की बाबांच्या अळंबीच्या पासंगालाही पुरत नाहीत, ती बाबांचीच होती. मग मला का नाही सांगितलं, असं तिनं त्यांना तेव्हाच विचारलं होतं. ते म्हणाले होते, नार्सिस मनाचा चांगला आहे, पण चांगली जागा दिसली की तिथं पाटी लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. हे मला लागलं, ताई. तिलाही ते दिसलं असावं, कारण रविवारी सकाळी सगळं गाव वाटेवर असताना ती मला तिथं घेऊन जाणार आहे. अट एकच, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. माझ्याच वाटेच्या उद्घाटनाला मी नसणार, पण ते मी आनंदानं कबूल केलं, आणि यातलं काहीही कुणाला कळू दिलेलं नाही. इल्देफोन्सला तेवढं सांगावं लागलं, कारण फीत आता त्यानं कापायची, आणि अध्यक्ष का येणार नाहीत याला काहीतरी खरं कारण द्यायला नको का? फार समजूतदारपणे ऐकून घेतलं त्यानं. आत्ताच त्याचा निरोप आलाय की फीत कोन्सोलला कापू दे, रविवारी सकाळी त्यालाही अचानक काम निघालंय.