अंतरपाटाचं एक टोक

सॉल्ट लेक, कोलकाता

प्रिय नूपुर,

पत्रिका मिळाली. फोनवर आली म्हणून काय झालं, मोठी करून करून पाहिली. छान आहे. आता मुद्द्याचं. रविवारी तू विचारलंस, ताई, लग्नाला एकटी येशील का, यामिनीला जिजूंकडे ठेवून? मी काही न बोलता फोन ठेवला आणि त्यानंतर तुझा एकही फोन उचललेला नाही. उचलला असता तर तू 'तसं नाही गं' म्हणत रडायला लागली असतीस आणि मी विरघळले असते. म्हणून हे पत्र. कागदावर तुला मला मधे तोडता येत नाही, आणि मलाही एकदा लिहिलं की माघार घेता येत नाही. येणार की नाही, कशी येणार, ते शेवटी सांगते. आधी मंगळवारी काय झालं ते वाच.

तू उगीच विचारलं नाहीस, एवढं मला कळतं. दादाच्या क्षितिजच्या मुंजीत वाजंत्री एकदम सुरू झाली, तू यामिनीला उचलायला धावलीस आणि ती तुझ्या मनगटाला कडकडून चावली. तुझ्या होणाऱ्या सासूबाई समोरच बसल्या होत्या. मुलगी पहिल्यापासूनच अशी का, असं त्यांनी आईला विचारलं म्हणे. हो, पहिल्यापासूनच अशी. आपल्याला कुकरची शिट्टी ऐकू येते, तिला ती लागते. अंगावर लागते. फ्रॉकची शिवण टोचते म्हणून ती कपडे उलटे घालते. इथे दुर्गापूजेत गल्लीत ढाक, इथले मोठे ढोल, वाजायला लागले की आम्ही खिडक्यांना गाद्या लावून घरात बसतो. आठ वर्षं झाली, मला सवय झाली आहे. पण तुला सवय नाही म्हणून मी तुझ्यावर चिडले, हे खरं आहे, आणि अजून थोडी चिडलेलीच आहे.

तर रविवारी फोन ठेवल्या ठेवल्या मी मनाशी एक परीक्षा ठरवली. तुझ्या कौस्तुभजिजूंनाही बोलले नाही. यामिनीला एस्प्लनेडजवळच्या एका गॅलरीत न्यायचं. चित्रं तिला आवडतात, पण जागा अनोळखी, हॉल घुमणारा. तिथे अर्धा तास टिकली तर पुण्याला आणायची. नाही टिकली तर एकटीने यायचं आणि तुझ्या लग्नात सगळ्यांना हसत हसत सांगायचं, अगं, तिची शाळा होती. हे वाक्य मी आरशासमोर म्हणूनसुद्धा बघितलं. मेलं तोंडातून निघता निघेना.

तयारी तर अशी केली, की जणू परीक्षेला मीच बसणार होते. मेट्रोचा डबा, गॅलरीची पायरी, दार, सगळ्याचे फोटो तिला आधी दाखवले. कानांवर लावायचे हेडफोन घेतले, बोटांनी खेळायला जुन्या दुलईची पट्टी घेतली. आणि एक मूर्खपणा केला. गर्दी कधी नसते, ते आमच्या शोभाकाकूंना विचारलं. काकू आमच्याच ब्लॉकमध्ये राहतात, त्यांचे चंद्रकांतकाका बँकेतून निवृत्त झाले तेव्हापासून दोघंही इथेच. इथे मराठी माणूस म्हणजे वाळवंटात पाणी, तुला कल्पना नाही. काकूंनी सांगितलं, मंगळवारी सकाळी जा, चिटपाखरू नसतं. आणि लगेच आमच्या मराठी ग्रुपवर टाकलं, मृणाल छोटीला घेऊन चित्रं बघायला चालली आहे, सोबतीला कोण कोण येतंय?

आम्ही पोचलो तर पायरीवर सगळी मंडळी हजर! साड्या नेसून, शंकरपाळ्यांचा डबा घेऊन, चंद्रकांतकाका तर टोपी घालून. परत फिरावं असं वाटलं, पण यामिनीला फोटोतली पायरी ओळखू आली होती आणि ती चढायलाही लागली होती. मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, गालाला हात लावू नका, नाव घेऊन बोलावू नका, लांबून बघा. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि तेवढ्यात काकूंनी गालाला हात लावलाच. यामिनी शहारली, गाल पुसला, पण पुढे गेली.

आत एका भिंतीभर मोठं चित्र होतं. गेरूच्या रंगावर कोळ्याचं जाळं, बारीक बारीक रेघांचं. यामिनी त्याच्यासमोर थांबली. हवेत बोट फिरवून एकेक गाठ सोडवावी तशी ती ते जाळं हवेतच काढत राहिली. नुपे, हेडफोन तिने स्वतः काढून गळ्यात ठेवले! तिला इतकी निवांत मी घराबाहेर कधी पाहिली नव्हती. घड्याळाकडे बघायचीसुद्धा भीती वाटत होती. मनात मी तुझ्या लग्नासाठी तिचं परकर-पोलकं शिवायला टाकलं होतं, उलटं घातलं तरी चालेल असं.

आणि मागून टाळ्या वाजल्या.

बिचाऱ्यांना राहवलं नाही गं. पोरगी किती शहाण्यासारखी उभी आहे, वा, शाब्बास, आणि टाळ्या. त्या रिकाम्या हॉलमध्ये तो आवाज छपरावर आपटून खाली आला. यामिनी किंचाळली, वळली आणि पळाली. मी धरायला गेले तर हातात नुसती दुलईची पट्टी राहिली. पुढच्या क्षणी ती कुठेच नव्हती. मग तर कहरच झाला. सगळे एकदम यामिनी, यामिनी म्हणून ओरडत धावायला लागले, एका बाजूने रखवालदार बंगालीत काही सांगतोय, दुसरीकडून काकू रडताहेत. दार सताड उघडं होतं आणि बाहेर रस्ता, एकामागून एक बस. मी फाटकापर्यंत पळत गेले. फुटपाथवर नाही, समोर नाही. तेव्हा मनात काय काय आलं ते लिहिणार नाही. ती एकदा पळाली की थांबत नाही, एवढंच डोक्यात घण घालत होतं.

परत आत आले आणि ओरडले, गप्प बसा सगळे! आईच्या वयाच्या माणसांवर ओरडले, तेही गॅलरीत उभी राहून. सगळे जागच्या जागी थांबले. रखवालदाराला मराठी शब्द नाही, पण अर्थ कळला असावा. काकांचा फोन वाजायला लागला तर त्यांनी तो टोपीत गुंडाळून पोटाशी दाबला. आणि त्या शांततेत मला ऐकू आलं. बारीक, एकसुरी हुं, हुं. बाहेरचा आवाज अडवायला ती स्वतःचा आवाज काढते, तो. कोपऱ्यात फिल्म दाखवायची एक अंधारी खोली होती, तिच्या दाराला जाड काळा पडदा. पडद्याच्या चुण्यांत यामिनी उभी होती, डोळे मिटून, पडद्याची कड दोन्ही मुठींत आवळून.

मी हात लावला नाही. शेजारी जमिनीवर बसले आणि पडद्याची दुसरी कड नुसती धरून ठेवली. किती वेळ, कोण जाणे. माझा पाय बधिर झाला होता. हळूहळू तिचा हुंकार उतरत गेला आणि थांबला. मग ती आपणहून बाहेर आली, माझ्याकडे न बघता थेट जाळ्याच्या चित्रासमोर गेली आणि जिथे सोडलं होतं तिथून बोट फिरवायला लागली. आमची एवढी बडबडी मंडळी, एकानेही हूं की चूं केलं नाही. काकूंनी तर पदर तोंडात कोंबला होता. परत निघताना यामिनीने स्वतः त्यांच्याकडे शंकरपाळ्या मागितल्या.

रात्री तुझी पत्रिका तिला दाखवली. वर तो छोटा वधूवरांचा फोटो आहे ना, मधे अंतरपाट धरलेला? तिने त्यावर बोट ठेवून तिच्या त्या हिंदीमिश्रित मराठीत विचारलं, आई, हा पडदा कोण पकडतो? म्हटलं, एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला एक, असे दोघं धरतात. ती म्हणाली, एक मी.

तर हे पत्र त्याच्यासाठी आहे, नूपुर. त्या दिवशी अर्धा तास भरला की नाही ते मी बघितलंच नाही, पण मी एकटी येणार नाही. आम्ही तिघं येऊ, आणि अंतरपाटाचं एक टोक तू यामिनीला धरायला दे. तिचे हेडफोन कानांवर असतीलच, पण ते मुंजीतही होते, आणि पुरले नाहीत. म्हणून अंतरपाट दूर झाल्यावर वाजंत्री नको आणि टाळ्या नकोत. अक्षता हलक्या हाताने पडू देत. वाजंत्रीशिवाय लग्न कसलं, असं तुझ्या सासूबाई म्हणतील, पाहुणे नाकं मुरडतील, आणि सांगायला तुलाच जावं लागेल, हे सगळं मला माहीत आहे. तरी मागते आहे. तुला जमणार नसेल तर सरळ नाही म्हण. मग आम्ही येणार नाही, आणि मी रागावेन, बरीच वर्षं रागावेन, हेही आत्ताच सांगून ठेवते. तोवर इकडे रोज संध्याकाळी सराव चालू आहे. एका टोकाला यामिनी, दुसरं टोक कपाटाच्या कडीला बांधलेलं, मधे कौस्तुभचा पंचा. अलीकडे मी, पलीकडे तो, दोघंही हसू दाबत उभे. कौस्तुभ आठवतील तशी मंगलाष्टकं म्हणतो, ती संपली की यामिनी सावकाश पंचा खाली घेते आणि आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघत राहते. घरात कोणी काही बोलत नाही. आणि नुपे, तेव्हा ती हुंकारत नाही.

तुझीच, आणि नाही म्हणालीस तरी तुझीच,
मृणालताई