लक्ष्मीचे बोट

मी, मंदाकिनी वासुदेव खांबेटे, वय एकाहत्तर, रेणुजीवशास्त्राची निवृत्त संशोधक, राहणार धायरी, पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बाईला राग आला म्हणजे तिची बुद्धी फिरली असे समजणाऱ्या नातेवाइकांनी तो आधी वाचावा.

१. यकृताच्या पेशी रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेतात. ते किती ओढायचे हे ज्या जनुकावर ठरते, ते कधी चालू होते आणि कधी बंद पडते, हे शोधण्यात माझी हयात गेली. संस्थेचे तेव्हाचे संचालक म्हणत, "बाई, चरबीत काय ठेवलंय?" त्यांना या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही. माझी पुस्तके आणि पिपेट विद्यार्थिनी ऋतुजा हिला द्यावीत. ती निदान वस्तू जागेवर ठेवते.

२. आमच्या घराण्यात पापणीवर पिवळा डाग येतो. घरात त्याला कौतुकाने लक्ष्मीचे बोट म्हणतात. वडिलांना होता, ते चाळिशीतच बसल्या जागी गेले. मला आहे. रक्त तपासले तेव्हा कळले, की जे जनुक मी उंदरांत धुंडाळत होते, तेच आमच्यात बिघडलेले आहे. तो डाग म्हणजे साठलेले कोलेस्टेरॉल. मी गोळ्या घेते, म्हणून हे लिहायला जिवंत आहे.

थोरला भाऊ दीनानाथ याला हे सांगून माझी जीभ झिजली. "तुझी प्रयोगशाळा तुझ्यापाशी ठेव," हे त्याचे उत्तर. त्याचा मुलगा वरद हडपसरला ऑफिसचा जिना चढताना कोसळला तो उठलाच नाही. तिरडीपाशी कोणी हळहळले, "लक्ष्मीचं बोट होतं हो पोराला, तरी असं कसं?" अहो, तरी काय? त्यामुळेच गेला! हे मी तिथेच ओरडून सांगितले आणि भावाने माझ्याशी अबोला धरला.

३. वरदची मुलगी स्वराली हिच्यात तोच दोष असण्याची शक्यता निम्मी आहे. तिची आई सुनीती तपासणीला तयार आहे, पण सासऱ्यांचा शब्द मोडत नाही. आणि सासरे म्हणतात, "तिच्या डोळ्याला कुठंय काही? उगाच शिक्का बसेल. उद्या स्थळं आली की काय सांगू?" पोरगी चौथीत आहे! डाग उमटेपर्यंत थांबणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खोदणे.

धायरीची सदनिका आणि बँकेतील ठेवी स्वरालीच्या. तिच्यावर अट कसलीही नाही. तिचा काय गुन्हा? ती सज्ञान होईपर्यंत व्यवहार सुनीतीने पाहावा. दीनानाथने त्यात हात घालू नये.

४. दीनानाथला काहीही नाही. ज्याला वाटा नाही तोच साक्षीला बरा, म्हणून त्याला मुद्दाम बोलावले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. मी म्हणते. दादा, चष्मा लाव. वरद माझाही होता.

पुणे, ९ फेब्रुवारी २०२५
(सही) मंदाकिनी वासुदेव खांबेटे

आमच्यासमक्ष सही झाली. साक्षीदार:

(सही) डॉ. केदार आगटे

(सही) दीनानाथ वासुदेव खांबेटे
सगळे वाचले. मंदे, पोरीला उद्या उपाशीपोटी आणायचं का?